लावणी नृत्यातील उत्स्फूर्तता आणि सहनिर्मिती

लावणी नृत्यातील उत्स्फूर्तता म्हणजे लावणी सादर होत असताना नर्तकीने, गायिकेने आणि साथीदारांनी आयत्या वेळी केलेली भर होय. ही भर हावभाव, पदन्यास, लय, शब्दोच्चार आणि संवाद यांपैकी कशातही असू शकते. लावणीचे शब्द कवीने आधी रचलेले असतात व चालही बहुधा ठरलेली असते. मात्र तिचे नृत्यरूप पूर्णपणे बांधलेले नसते. ते प्रत्येक प्रयोगात नर्तकी, ढोलकीवादक, पेटीवादक, झीलकरी व प्रेक्षक यांच्या देवाणघेवाणीतून घडते. म्हणूनच पारंपरिक लावणीला एकच नृत्यरचनाकार नसतो.

पार्श्वभूमी

तमाशाचे ढोलकीफड आणि संगीत बारी असे दोन मुख्य प्रकार मानले जातात. ढोलकीफडाच्या तमाशात गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि वग असा क्रम असतो. संगीत बारीत वग नसतो. तेथे गायन व नृत्य यांनाच महत्त्व असते. एकाच ठिकाणी अनेक पार्ट्या पाळीपाळीने आपला कार्यक्रम सादर करतात, त्या पाळीला 'बारी' म्हणतात. पुण्याचे आर्यभूषण थिएटर, तसेच चौफुला व मोडनिंब येथील कला केंद्रे ही या प्रकाराची परिचित ठिकाणे आहेत.

सातारा व सांगली जिल्ह्यांतील कृष्णाकाठ या परंपरेशी जवळून जोडलेला आहे. शाहीर पठ्ठे बापूराव, म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, यांचा जन्म १८६६ मध्ये वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्ष येथे झाला. सांगलीजवळील कवलापूरचे काळू-बाळू हे जुळे बंधू 'जहरी प्याला' या वगातील हवालदारांच्या भूमिकांमुळे महाराष्ट्रभर ओळखले गेले. वाई येथील यमुनाबाई वाईकर यांनी बैठकीची लावणी दीर्घकाळ जोपासली. कृष्णा व तारळी या नद्यांच्या संगमावरील उंब्रज हे गाव याच पट्ट्यात, सातारा व कऱ्हाड यांच्या दरम्यान आहे. उंब्रजपासून जवळच असलेल्या पाल येथे पौष महिन्यात खंडोबाची मोठी यात्रा भरते. खंडोबाच्या उपासनेतील जागरणातही वाघ्या-मुरळी तुणतुणे, दिमडी व घोळ यांच्या साथीने गातात, नाचतात आणि यजमान व प्रसंग पाहून मजकूर वाढवतात. म्हणजेच प्रसंगानुसार भर घालण्याची रीत या भागात तमाशापुरती मर्यादित नाही.

उत्स्फूर्ततेचे प्रकार

१. अदाकारी : बैठकीच्या लावणीत गायिका बसून गाते आणि एकच ओळ पुनःपुन्हा घेते. प्रत्येक वेळी डोळे, भुवया, मान, हात व पदर यांच्या हालचालींतून त्या ओळीचा निराळा अर्थ दाखविला जातो. एकाच शब्दातून रुसवा, आर्जव, उपरोध आणि विरह व्यक्त होऊ शकतो. ठुमरीतील 'बोल बनाव' आणि कथकमधील 'भाव बताना' यांच्याशी या पद्धतीचे साम्य आहे. ओळ किती वेळा घ्यावी, हे गायिका समोरच्या बैठकीचा प्रतिसाद पाहून ठरविते.

२. लयकारी : उभ्याने होणाऱ्या नृत्यात पायांतील चाळ आणि ढोलकी यांचा सवाल-जवाब रंगतो. वादक एक बोल टाकतो आणि नर्तकी तो पायांनी उलटविते. कधी नर्तकी पुढाकार घेते आणि वादकाला मागोवा घ्यावा लागतो. दोघांना बांधून ठेवणारी गोष्ट एकच, ती म्हणजे सम. समेवर येण्याचा नियम पक्का असल्यामुळेच मधल्या मात्रांत स्वातंत्र्य घेता येते.

३. बतावणी : सोंगाड्या, मावशी आणि गवळणी यांच्या संवादात गावातील ताज्या घडामोडींचे उल्लेख येतात. वगाचेही पूर्वी केवळ कथासूत्र ठरलेले असे आणि संवाद नट उभ्या जागी रचीत. वसंत सबनीस यांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या १९६५ च्या लोकनाट्यात दादा कोंडके यांनी हीच पद्धत शहरी रंगमंचावर वापरली.

शिक्षण

ही उत्स्फूर्तता पूर्वतयारीशिवाय येत नाही. पारंपरिक कलावंत घरातील वा पार्टीतील ज्येष्ठ स्त्रियांकडून लहानपणापासून शिकतात. पदन्यास, तोडे, ताल आणि शेकडो लावण्यांचे पाठांतर हा त्यांचा साठा असतो. त्यातून आयत्या वेळी निवड कशी करावी, हे मात्र मागे उभे राहून पाहण्यातून आणि झील धरण्यातून अंगवळणी पडते.

सहनिर्मिती

यमुनाबाई वाईकर यांना १९७७ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २०१२ मध्ये पद्मश्री हा सन्मान मिळाला. कथक नर्तक पंडित बिरजू महाराज यांनी त्यांच्यासोबत एकत्र कार्यक्रम केले. गायिका लावणीची ओळ घेई आणि कथकचा नर्तक तिच्यावर भाव दाखवी. दोन भिन्न परंपरांना हे शक्य झाले, कारण दोन्हींत एका ओळीचा विस्तार करण्याची शिस्त आधीपासूनच होती.

अलीकडच्या काळात भूषण कोरगांवकर यांचे 'संगीत बारी' हे पुस्तक आणि सावित्री मेधातुल यांनी दिग्दर्शित केलेला त्याच नावाचा रंगमंचीय कार्यक्रम उल्लेखनीय ठरला. त्यात शकुंतलाबाई नगरकर यांच्यासारख्या परंपरेतील कलावंत स्वतः सहभागी झाल्या.

जागतिक संदर्भ

पाश्चात्त्य समकालीन नृत्यात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्स्फूर्ततेला नव्याने प्रतिष्ठा मिळाली. अमेरिकेत स्टीव्ह पॅक्स्टन यांनी १९७२ मध्ये काँटॅक्ट इम्प्रोव्हायझेशन हा प्रकार सुरू केला. त्यात दोन नर्तक एकमेकांच्या शरीराचा भार पेलत पुढील हालचाल शोधतात. जर्मनीत पिना बाउश आपल्या नर्तकांना प्रश्न विचारीत आणि त्यांच्या उत्तरांतून नृत्यनाट्य उभे करीत. भारतात अस्ताद देबू (१९४७–२०२०) यांनी मणिपुरी पुंग वादक आणि कर्णबधिर कलावंत यांच्यासह रचना केल्या. या सर्व प्रयोगांत नर्तक हा केवळ आज्ञा पाळणारा नसून सहनिर्माता मानला जातो. लावणीची स्त्री कलावंत ही भूमिका पूर्वीपासून निभावत आली आहे. मात्र तिच्या कामाला 'रचना' हे नाव क्वचितच दिले गेले.

आव्हाने

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली आणि पुढे ती अटींसह उठविली. १९५४ मध्ये रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ अस्तित्वात आले. प्रयोगापूर्वी संहिता तपासून घेण्याची अट आली की, जो मजकूर प्रयोगातच जन्मतो तो आधी कागदावर कसा द्यावा, ही अडचण उद्भवते. यातून संवाद लिहून घेण्याची प्रथा बळावली.

चित्रपटातील लावणीने दुसरा बदल घडविला. 'सांगत्ये ऐका' (१९५९) आणि 'पिंजरा' (१९७२) यांसारख्या चित्रपटांमुळे लावणी घराघरांत पोहोचली, परंतु चित्रीकरणासाठी प्रत्येक हालचाल आधी ठरवावी लागते. पुढे रंगमंचावरही ध्वनिमुद्रित गाण्यांवर ठरलेले नृत्य करण्याची पद्धत रूढ झाली. ध्वनिमुद्रित ढोलकी नर्तकीसाठी थांबत नाही आणि तिच्या तोड्याला उत्तरही देत नाही. परिणामी सवाल-जवाब संपतो, आणि वादक व झीलकरी यांचा रोजगारही कमी होतो.

तिसरा प्रश्न श्रेयाचा आहे. भारतीय स्वामित्वहक्क कायदा, १९५७ यात नृत्यरचनेचा समावेश नाट्यकृतीत होतो. मात्र ती लेखी अथवा अन्य स्वरूपात निश्चित केलेली असावी लागते. आयत्या वेळी घडणारी अदा या व्याख्येत सहज बसत नाही. १९९४ च्या दुरुस्तीने नर्तकांसह सर्व प्रयोगकर्त्यांना आपल्या सादरीकरणावर हक्क मिळाला. त्यामुळे संमतीशिवाय होणाऱ्या चित्रीकरणाला हरकत घेता येते. तथापि एखाद्या ज्येष्ठ कलावंताने घडविलेली लकब दुसऱ्याने उचलून आपल्या नावावर सादर केली, तर मूळ कलावंताला दाद मागणे अवघड जाते. सहनिर्मितीत सहभागी झालेल्यांची नावे कार्यक्रमपत्रिकेत व मुद्रणात नोंदविणे हा त्यावरील किमान उपाय ठरतो.

हेही पाहा

लावणी, तमाशा, संगीत बारी, वगनाट्य, पठ्ठे बापूराव, यमुनाबाई वाईकर, उंब्रज