खुणेची मुदी

'मुदी' हा शब्द आता बहुधा वयोवृद्ध मंडळींच्याच तोंडी ऐकू येतो. तरुण पिढी 'अंगठी' म्हणते, नाहीतर सरळ 'रिंग'. शब्द मात्र मोठा कुलीन आहे. संस्कृत 'मुद्रिका' हे त्याचे मूळ, आणि मुद्रा म्हणजे ठसा, शिक्का. बोटातील या वळ्याला आपल्या भाषेने हे नाव दिले ते त्याच्या सोन्यावरून नव्हे, त्यात जडविलेल्या रत्नावरूनही नव्हे, तर त्याच्यावरील खुणेवरून. अशोकवनात सीतेला हनुमंताची खात्री पटली ती रामाच्या मुद्रिकेमुळे. कालिदासाच्या 'अभिज्ञानशाकुंतल' या नाटकाच्या नावातील 'अभिज्ञान' म्हणजे ओळखीची खूणच. अंगठी पाण्यात पडली तेव्हा राजाची आठवणही बुडाली, आणि ती माशाच्या पोटातून कोळ्याच्या हाती आली तेव्हा आठवण परतली.

या विषयाकडे आम्ही वळलो ते एका लहानशा प्रसंगाने. लग्नाची नोंद करण्यासाठी आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी आली होती. बोलणे आटोपल्यावर तिने रुमालात गुंडाळलेली एक झिजलेली मुदी आमच्यापुढे ठेवली. आत दोन नावांची आद्याक्षरे आणि 'मे १९६३' अशी कोरणी होती. मुदी तिच्या आजीची. नातीला लग्नात आठवण म्हणून ती द्यावी अशी आजीची इच्छा. माप वाढविण्यासाठी ती सराफाकडे नेली, त्याने यंत्रावर तपासली आणि सोने जेमतेम चौदा कॅरेट निघाले. "ह्यात काही राम नाही, मोडीत घाला," असा सल्ला मिळाला. घरात कुजबूज झाली: आजोबांना सोनाराने फसविले, की आजोबांनीच हात आखडता घेतला? साठ वर्षे बोटात असलेली मुदी आजीने पुन्हा घातली नाही. "आटवून टाका," एवढेच ती म्हणाली.

"फादर, तुम्हीच सांगा, काय करू?" मुलीने विचारले. त्या क्षणी आमच्यापाशी उत्तर नव्हते. आठ दिवसांनी ये, असे सांगून आम्ही पुस्तके उघडली. त्या वाचनातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

लोखंडाची अंगठी

प्राचीन रोममध्ये वाग्दत्त वधूला जी अंगठी पाठविली जाई ती लोखंडाची असे, आणि तीत रत्न नसे. पहिल्या शतकातील ग्रंथकार प्लिनी हा रिवाज आपल्या काळीही चालू असल्याचे नोंदवितो. पुढे सोन्याची अंगठी आली. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस लिहिणारा तर्तुलियन जुन्या साधेपणाची आठवण देताना म्हणतो की, पूर्वीच्या स्त्रीला सोने ठाऊक होते ते एकाच बोटावर, वाङ्‌निश्चयाच्या अंगठीपुरते. त्याच सुमारास अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट ख्रिस्ती माणसाने मुद्रिकेवर कोणती चिन्हे कोरावीत हे सांगतो: कबुतर, मासा, वाऱ्यावर चाललेले जहाज, वीणेसारखे तंतुवाद्य, नांगर. तलवार आणि मद्याचा प्याला मात्र नको. स्त्रीच्या बोटातील सोन्याची अंगठीही शोभेसाठी नसून घरातील चीजवस्तूंवर शिक्का मारण्यासाठी आहे, असे त्याचे म्हणणे. घराच्या किल्ल्या आणि अंगठी यांचे नाते असे जुने आहे.

इसवी सन ८६६ मध्ये पोप पहिले निकोलस यांनी बल्गेरियाच्या लोकांच्या प्रश्नांना उत्तरे पाठविली. पश्चिमेकडील विवाहरीतीचे वर्णन करताना त्यांनी वर वधूच्या बोटात घालीत असलेल्या निष्ठेच्या अंगठीचा उल्लेख केला. पोपच्या स्वतःच्या 'कोळ्याच्या अंगठी'चा लेखी उल्लेख चौथे क्लेमेंट यांच्या १२६५ मधील एका पत्रात सापडतो. ती खाजगी पत्रांवर शिक्का मारण्यासाठी होती, आणि पोपच्या निधनानंतर ती मोडण्याची प्रथा पडली. मेलेल्याच्या नावाने कोणी खोटी मोहोर उठवू नये म्हणून. २०१३ साली पोप सोळावे बेनेडिक्ट निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या अंगठीवर क्रुसाच्या आकाराची चीर पाडण्यात आली. सोने तसेच राहिले, खूण तेवढी रद्द झाली.

आतल्या बाजूची अक्षरे

दोन उजवे हात परस्परांत गुंफलेले दाखविणारी अंगठी रोमन काळापासून युरोपात चालत आली. इटालियन भाषेत तिच्याशी जोडलेला शब्द आहे 'फेदे', म्हणजे श्रद्धा किंवा निष्ठा. आजही इटलीत लग्नाच्या अंगठीला 'फेदे'च म्हणतात. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर गॉलवे शहरालगत क्लाडा नावाचे मच्छीमारांचे गाव होते. तेथील अंगठीत हेच दोन हात मुकुट घातलेले हृदय धरून असतात. दुसरा प्रकार जुळ्या अंगठीचा. दोन वळी एकमेकांत अशी अडकविलेली की मिटली म्हणजे एकच अंगठी दिसावी. उघडली म्हणजे आत लपविलेला मजकूर वाचता यावा.

पण आमच्या मनात भरली ती इंग्लंडमधील 'पोझी' अंगठी. 'पोझी' हे काव्यवाचक इंग्रजी शब्दाचेच आखूड रूप. सोन्याचे साधे वळे आणि त्यावर प्रीतीची एखादी ओळ. पंधराव्या शतकाच्या सुमारास ही अक्षरे बहुधा बाहेरून कोरीत. सोळाव्या-सतराव्या शतकांत ती आत गेली. लोकांना दिसावीत म्हणून नव्हे, तर घालणाराच्या कातडीला लागून राहावीत म्हणून. शेक्सपिअरच्या 'व्हेनिसचा व्यापारी' या नाटकाच्या शेवटच्या अंकात अशाच एका अंगठीवरून भांडण जुंपते. दिलेली अंगठी नवऱ्याने दुसऱ्याला देऊन टाकली आहे, आणि वर ती स्वस्तातली होती, ओळही सामान्य होती, असे तो म्हणतो. त्यावर पत्नीचे उत्तर असे की, किमतीचे आणि ओळीचे काय बोलता. मरेपर्यंत बोटात ठेवण्याची शपथ घेतली होती, तिचे काय? चारशे वर्षांपूर्वीचा हा संवाद आमच्या धर्मग्रामातील त्या घरात जसाच्या तसा लागू पडला असता.

मृतांची आठवण

अंगठी विवाहाचीच खूण होती असे नाही. १६१६ च्या आपल्या मृत्युपत्रात खुद्द शेक्सपिअरने तीन सहकारी नटांना अंगठ्या विकत घेण्यासाठी प्रत्येकी २६ शिलिंग ८ पेन्स ठेवले. अठराव्या शतकात शोकाच्या अंगठ्यांवर मृताचे नाव, वय आणि तारीख मिनाकामात लिहीत. काळा मिना सर्वसाधारण, तर अविवाहित व्यक्ती आणि बालके यांच्यासाठी पांढरा. काहींत काचेखाली मृताच्या केसांची बट असे. आज जुन्या वस्तूंच्या दुकानात पांढऱ्या मिन्याची लहानशी अंगठी दिसली तर ते कुणाच्या तरी लेकराचे स्मारक असू शकते, हे ध्यानात ठेवावे.

एकोणिसाव्या शतकात रत्नांनाच अक्षरे करण्याची टूम निघाली. माणिक, पाचू, तामडी, जांभळा स्फटिक, पुन्हा माणिक आणि हिरा अशा क्रमाने खडे बसविले की त्यांच्या इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांतून 'रिगार्ड', म्हणजे आदर, हा शब्द जुळतो. अशा अंगठीतील एक खडा पडला आणि त्या जागी दुसऱ्या जातीचा बसविला, तर अंगठी सुंदर दिसेलही, पण शब्द मोडेल.

घेतलेल्या आणि दिलेल्या

१८१३ साली नेपोलियनविरुद्धच्या युद्धासाठी प्रशियातील स्त्रियांनी सोन्याच्या अंगठ्या दिल्या आणि मोबदल्यात लोखंडाच्या घेतल्या; सोने देऊन लोखंड घेतले अशा अर्थाची वाक्ये त्यांवर होती. हेच १८ डिसेंबर १९३५ रोजी इटलीत झाले. मुसोलिनीने इथिओपियावर आक्रमण केले होते आणि राष्ट्रसंघाने निर्बंध लादले होते. त्या दिवसाला 'फेदेचा दिवस' असे नाव दिले गेले. शब्दाचे दोन्ही अर्थ, निष्ठा आणि लग्नाची अंगठी, राज्यकर्त्यांनी मोठ्या चतुराईने वापरले. राणी एलेनापासून खेड्यातल्या गरीब बाईपर्यंत असंख्य स्त्रियांनी अंगठ्या दिल्या. घराघरांतील वचनांची सोन्याची खूण एका अन्यायी युद्धाच्या भट्टीत गेली. हा इतिहास वाचताना आम्हांस वेदना झाल्या.

त्याच शतकात एक अंगठी निराळ्या रीतीने दिली गेली. २४ मार्च १९६६ रोजी कँटरबरीचे आर्चबिशप मायकेल रॅम्झी रोममध्ये पोप सहावे पॉल यांच्या भेटीस आले होते. निरोप घेताना पोपनी स्वतःची अंगठी, मिलानच्या लोकांनी त्यांना दिलेली, उतरवून त्यांच्या बोटात घातली. आर्चबिशपांना अश्रू आवरले नाहीत. १९८८ मध्ये निधन होईपर्यंत ती त्यांनी वापरली. चारशे वर्षांची फूट त्या अंगठीने सांधली नाही. परंतु सांधण्याची इच्छा होती, याची ती साक्ष आहे.

घेणाराने काय पाहावे

आता थोडे व्यवहाराचे. परदेशी असलेली आपली माणसे हल्ली जुन्या अंगठ्या हौसेने घेतात. त्यांनी प्रथम भिंग घेऊन आतली बाजू वाचावी. 'हॉलमार्क' हा शब्द लंडनच्या सुवर्णकार संघाच्या 'हॉल'वरून आला. तेथे चित्त्याच्या मुखाचा ठसा १३०० सालापासून आणि वर्षदर्शक अक्षर १४७८ पासून चालत आले आहे. इंग्रजी अंगठीवर पंधरा कॅरेटचा ठसा असेल तर ती १८५४ ते १९३२ या काळातली, कारण तो दर्जा त्याच काळात मान्य होता. फ्रेंच अंगठीवरील गरुडाचे मुख अठरा कॅरेटची खूण असून ते १८३८ पासूनचे. कृत्रिम माणिक बनविण्याची रीत वेर्नुई या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९०२ साली प्रसिद्ध केली. अशा माणकात भिंगाखाली वक्र रेषा आणि हवेचे बुडबुडे दिसू शकतात. तेव्हा १८५० ची म्हणून दाखविलेल्या अंगठीत असा खडा आढळला, तर निदान खडा तरी मागाहून बसविलेला आहे. ज्या अंगठीत खड्याची मागची बाजू बंद असते तिथे चमकीसाठी पातळ पत्रा घातलेला असतो. ती पाण्यात बुडवू नये. आणि माप बदलताना सोनाराला बजावून सांगावे की, अक्षरांवरून कानस फिरवू नको आणि अक्षरे सोडून छेद दे.

नवी अंगठी घेताना आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून तीन खुणा पाहाव्या लागतात: मानक ब्यूरोचे चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक. बावीस कॅरेटला ९१६, अठराला ७५०, चौदाला ५८५. दोन ग्रॅमहून हलक्या वस्तूला ही सक्ती नाही. तिथे पावतीवर कॅरेट लिहून घ्यावे. पण या खुणा सरकारच्या झाल्या. चौथी खूण आपली आपण करावयाची असते. दोन नावे आणि एक तारीख कोरायला फारसे पैसे पडत नाहीत.

मे १९६३

आपल्याकडे जुन्या अंगठीचा बाजार म्हणजे बहुधा मोडीचा बाजार. वजन करतात, घट धरतात आणि आटवितात. कसोटीचा दगड कस सांगतो. त्या सोन्याने काय पाहिले हे सांगणे त्याचे काम नव्हे. ते काम इतिहासाचे.

१९६२ च्या चिनी आक्रमणानंतर देशाची परकीय गंगाजळी आटत चालली होती. सोन्याची हाव आणि चोरटी आयात रोखावी म्हणून जानेवारी १९६३ मध्ये, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना, सुवर्ण नियंत्रणाचे नियम लागू झाले. चौदा कॅरेटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. गावोगावच्या असंख्य सोनारांची रोजी बुडाली. पुढे नियम शिथिल होत गेले, १९६६ मध्ये चौदा कॅरेटची अट उठली. १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याचा अंमल मात्र १९९० पर्यंत राहिला.

आम्ही चर्चची विवाहनोंदवही काढली. मे १९६३ च्या पानावर ती दोन नावे होती. म्हणजे मुदी घडली ती ऐन बंदीच्या काळात. सोनाराने फसविले नव्हते, आजोबांनी हात आखडला नव्हता. कायद्याने जेवढे सोने देता येत होते तेवढे त्यांनी दिले होते. त्या मुदीतील हिणकसपणा हीच तिच्या खरेपणाची साक्ष होती.

आठ दिवसांनी मुलगी आली, सोबत आजीही. आम्ही नोंदवही त्यांच्यापुढे उघडून ठेवली आणि सारे सांगितले. आजी बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "ते म्हणाले होते, फादर, की सरकारने सोने बंद केले आहे, पुढे चांगली करून देईन. मी विसरले होते."

पुढे चांगली करून देणे त्यांना जमले नसावे. पण नातीच्या लग्नात आळतारासमोर आम्ही ज्या दोन अंगठ्यांना आशीर्वाद दिला, त्यांतली एक चौदा कॅरेटची होती. माप वाढविताना सोनाराने अक्षरे राखली होती, आणि त्यांच्या शेजारी नवी तारीख कोरण्यापुरती जागाही निघाली होती.