अवचितगडावरचा शरभ कुठून आला?

१/ रोह्याजवळच्या अवचितगडावर शरभाचे शिल्प आहे. सिंहासारखा दिसणारा हा कल्पित पशू कुंडलिकेच्या खोऱ्यात कसा पोहोचला, ते पाहू.

२/ वैदिक वाङ्मयात शरभ हा रानातला एक पशू. महाभारतात तो आठ पायांचा, सिंहालाही मारणारा झाला.

३/ शैव पुराणांनी पुढे सांगितले की, नरसिंहाचा क्रोध शमवण्यासाठी शिवाने शरभरूप घेतले. वैष्णवांनी त्याला उत्तर म्हणून दोन मुखांचा गंडभेरुंड उभा केला. तमिळ देशी दारासुरमच्या बाराव्या शतकातील चोळ मंदिरात शरभमूर्ती आहे.

४/ दख्खनच्या दरबारांनी पंथांचा वाद मागे ठेवला आणि पशूंचे बळ तेवढे उचलले. विजयनगरच्या अच्युतरायाच्या नाण्यांवर हत्ती धरलेला गंडभेरुंड आहे. बहमनी बीदरच्या शर्झा दरवाजाला (१५०३) तर त्यावर कोरलेल्या वाघांवरूनच नाव मिळाले. पुढे मराठ्यांच्या गडांवरही असे पशू दिसतात.

५/ म्हणून केवळ शरभ पाहून 'हा गड अमक्या घराण्याने बांधला' असा निवाडा देऊ नये. त्यासाठी शिलालेख, बांधणी आणि कागदपत्रेच हवीत. शरभ सर्वांचाच द्वारपाल होता.