घोड्यांचा आकडा आणि विजेचा हिशेब

हिंगोली-वाशीम रस्त्यावरच्या कनेरगाव नाक्याच्या शिवारात 'मोटार कितीची?' असं विचारलं, की उत्तर येतं, 'पाचची' किंवा 'साडेसातची'. हा आकडा घोड्यांचा आहे. आपलं वाफेचं इंजिन किती घोड्यांचं काम करतं, हे गिऱ्हाइकाला कळावं म्हणून जेम्स वॅटनं अठराव्या शतकाच्या अखेरीस हे माप ठरवलं. पुढे १८८२ साली सिमेन्स यांनी शक्तीच्या एककाला वॅटचंच नाव सुचवलं. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. म्हणजे पाचची मोटार ३,७३० वॅटची. तासाला पावणेचार युनिटं. मोटारीतली गळती धरली तर थोडी जास्तच.

पूर्णेवरच्या येलदरी धरणाचं वीजघर साडेबावीस मेगावॅटचं. भागाकार केला तर कागदावर अशा सहा हजार मोटारी होतात. प्रत्यक्षात तेवढ्या चालणार नाहीत, कारण वीज वाटेतही खर्च होते.

विजेची शक्ती दाब आणि प्रवाह, म्हणजे व्होल्ट आणि अँपिअर, यांच्या गुणाकारावर ठरते. तारेत प्रवाह दुप्पट झाला की उष्णतेतली गळती चौपट होते. उलट दाब दहापट केला, तर तेवढ्याच शक्तीला दहावा हिस्सा प्रवाह पुरतो आणि गळती शंभरावर येते. १९१५ साली टाटांनी खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना पोचवली, ती याच हिशेबानं, सुमारे एक लाख व्होल्ट दाबानं. हे स्वप्न पाहणारे जमशेटजी तोवर हयात नव्हते.

हाच नियम आपल्या डीपीखाली उलटा फिरतो. लांबच लांब तार, एका रोहित्रावर पेलवणार नाहीत इतक्या मोटारी. शेवटच्या विहिरीवर दाब पडतो. पाणी तेवढंच उपसायचं, म्हणून मोटार जास्त प्रवाह ओढते, तापते आणि वाइंडिंग जळतं. तो खर्च शेतकऱ्याचा.

मीटर नसलेल्या पंपांची आकारणी अश्वशक्तीवर होत आली. तार लांब की आखूड, दाब पुरता की अपुरा, हे त्या आकड्यात कुठंच दिसत नाही. एप्रिल २०२४पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत विजेची योजना आली. बिल माफ झालं, पण निसर्गाचा नियम माफ होत नाही.

म्हणून स्टार्टरच्या पेटीवरचा व्होल्टमीटर चालू ठेवावा. बटण दाबण्याआधी काटा पाहावा, तारीख-वेळ घालून आकडा वहीत लिहावा. रोहित्र वाढवून मागताना ती वही कामी येते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)