अंगठा आपला, दाद कुणाकडे?

मंडळी, जुन्या मराठी कागदांत सहीच्या जागी काय असायचं ठाऊक आहे? पाटलाची निशाणी नांगर. कुळकर्ण्याची लेखणी. सुताराची, लोहाराची आपापली हत्यारं. बाईमाणसाची निशाणी बांगडी. ज्याची जी ओळख, तीच त्याची सही. पण दोन कुणब्यांचे दोन नांगर सारखेच दिसणार, मग "हा नांगर माझा नव्हे" असं म्हणायचं झालं तर ते सिद्ध कसं करायचं?

बंगालमध्ये विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला हाच प्रश्न पडला होता. १८५८ साली त्याने एका कंत्राटदाराकडून करारावर अख्ख्या पंजाचा ठसा घेतला, का, तर पुढे त्याने सही नाकारू नये. १८७७ मध्ये हुगळीला असताना तो पेन्शनरांचेही बोटांचे ठसे घेऊ लागला. मेलेल्या पेन्शनरच्या नावावर भलताच माणूस पैसे उचलून नेई, म्हणून. म्हणजे बघा, अंगठा कागदावर आला तो सरकारची फसवणूक होऊ नये म्हणून! अंगठेवाल्याची फसवणूक झाली तर काय, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नव्हता.

तो प्रश्न विचारला आपल्याकडच्या शेतकऱ्यांनी, आणि अर्ज करून नव्हे. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी लोकांनी सावकारांची दुकानं लुटली. त्यांचा खरा रोख कर्जरोख्यांवर होता. मग हे लोण नगर जिल्ह्यातही गेलं. शाळेत आम्ही "दख्खनचे दंगे" म्हणून चार ओळींत उरकायचो तो हा धडा. ज्याला वाचता येत नाही त्याची निशाणी त्याच्याच विरुद्ध पुरावा होत होती. म्हणून तो कागदच जाळायचा!

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. आधी पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांसाठी. त्यातल्या तीन गोष्टी मला फार शहाणपणाच्या वाटतात. एक, रोखा गावच्या निबंधकासमोरच लिहायचा. दोन, रोख्यावर निशाणी आहे एवढ्यावर कोर्टाने थांबायचं नाही, व्यवहाराच्या मुळापर्यंत जाऊन हिशेब तपासायचा. तीन, सावकाराने कुळाला पावती द्यायची, मागितलं तर वर्षाचा हिशेब द्यायचा, पासबुक द्यायचं. आपल्या वऱ्हाडातल्या कास्तकाराला मात्र तेव्हा यातलं काही मिळालं नाही. वाशीम तेव्हा "बाशीम" होतं आणि वऱ्हाडचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटाकडे होता, मुंबईकडे नव्हे.

आता एकदम पुढे येऊ. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. अंगठा पुन्हा आला, पण या वेळी कागदावर नाही, यंत्रावर. आधारचा कायदा मात्र आला २०१६ मध्ये! आणि त्याचं कलम ४७ काय म्हणत होतं? या कायद्याखालच्या गुन्ह्याची तक्रार फक्त प्राधिकरणानेच कोर्टात करायची. ज्याची ओळख चोरीला गेली त्याला कोर्टाचं दारच नाही. सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने यावर बोट ठेवलं आणि २०१९ च्या दुरुस्तीने काही गुन्ह्यांपुरता तक्रारीचा हक्क माणसाला मिळाला.

याच्या आधी आयटी कायदा होताच. तो २००० सालचा. २००८ च्या दुरुस्तीने त्यात कलम ६६ क आलं, ते २००९ पासून लागू झालं. दुसऱ्याची ओळख वापरून फसवणूक केली तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. पण चोराला कैद झाली म्हणून आपले पैसे परत येत नाहीत. त्यासाठी त्याच कायद्यात न्यायनिर्णय अधिकारी आहे. राज्याच्या आयटी खात्याचे सचिव ते काम पाहतात आणि पाच कोटींपर्यंतचे दावे ऐकतात. २०१३ मध्ये पुण्याच्या एका उद्योगाला बँकेने ४५ लाख रुपये द्यावेत असा आदेश याच वाटेने मिळाला होता. उद्योगाला ही वाट सापडते. वाशीमच्या म्हातारीला?

हे मी हवेत बोलत नाही. मंगरूळपीर तालुक्यातला माझा एक जुना विद्यार्थी मध्यंतरी घरी आला. त्याच्या आईचे श्रावणबाळचे पैसे कुणीतरी अंगठ्यावर उचलले होते. "सर, माय त् घरीच होती. मंग अंगठा कोनं लावला?" बँक म्हणाली पोलिसांत जा, पोलीस म्हणाले बँकेत जा. खात्याला मोबाईल जोडलेला नव्हता, म्हणून मेसेजही नाही. पासबुक भरून आणलं तेव्हा कळलं.

हे काही अशक्य नाही बरं का. २०१८ मध्ये तेलंगणात एकाने जमिनीच्या नोंदणीच्या दस्तांवरून अंगठ्याचे ठसे उचलून त्यांच्या नकला बनवल्या आणि त्यावर सिमकार्डं चालू केली. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. अंगठा कसा बदलणार?

मी त्याला रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक काढून दाखवलं. चूक बँकेची असेल तर ग्राहकाचा तोटा शून्य. चूक ना त्याची ना बँकेची, तिसऱ्याच कुणाची असेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तरीही शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त दहा हजारांचा भार, मूलभूत बचत खात्याला पाच हजारांचा. हे दिवस बँकेकडून सूचना मिळाल्यापासून मोजायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचं ओझं बँकेवर. आपणच ओटीपी सांगितला असेल तर मात्र कळवेपर्यंतचा तोटा आपला.

हा परिच्छेद अर्जात जसाच्या तसा लिहिला, पोच घेतली. नियम ९० दिवस म्हणतो, पैसे यायला चार महिने लागले. पण आले. रक्कम तुमच्या-आमच्या दृष्टीने किरकोळ. त्या माउलीचा त्यात महिनाभराचा किराणा आणि औषध होतं.

आता एक काळजीची गोष्ट. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती नीट न सांभाळणाऱ्या संस्थेला २५० कोटींपर्यंत दंड आहे. वाचून बरं वाटतं. पण हा दंड जमा होणार सरकारच्या तिजोरीत. ज्याची माहिती फुटली त्याला त्यातला छदाम नाही. उलट आयटी कायद्यातलं भरपाई देणारं कलम ४३ अ हा कायदा रद्द करतो. १८७९ च्या परक्या सरकारने निदान कुळाच्या हातात पासबुक द्यायला लावलं होतं. आपल्या कायद्याने दंडातला वाटा का देऊ नये?

असो. घरातल्या म्हाताऱ्यांसाठी एवढं करा. आधारचं बायोमेट्रिक कुलूपबंद करता येतं, ते करून द्या. खात्याला घरातल्या कुणाचा तरी मोबाईल जोडा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा, बँकेला लेखी द्या आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. आमच्या वाशीमकडे कुणाला अर्ज लिहून हवा असेल तर निःसंकोच या. अक्षर अजून चांगलं आहे माझं!