जत्रेचा खाऊ आणि हॉटेलातला चहा

परगावचा पाहुणा कोल्हापूरला आला म्हणजे त्याला आधी अंबाबाईचं दर्शन घडवायचं, मग रंकाळ्यावर न्यायचं आणि दोहोंच्या मध्ये कुठं तरी मिसळ खाऊ घालायची, असा आमच्याकडचा रिवाज आहे. पाहुणा कट तोंडाला लावतो, डोळ्यांतून पाणी काढतो आणि विचारतो, "हे तुमच्याकडे पूर्वापार असंच का?" आपणही छाती काढून हो म्हणतो. पण हे उत्तर खरं नाही. ज्या मिरचीवर आपली एवढी मिजास, ती मिरचीच मुळी आपली नव्हे. पोर्तुगीजांनी ती सोळाव्या शतकात समुद्रापलीकडून गोव्याच्या किनाऱ्याला आणली. त्याआधी तिखटपणासाठी आपल्याकडे मिरी होती. पाव आला तोही पोर्तुगीजांमागून. आणि गावात पैसे टाकून, अनोळखी माणसाशेजारी बसून, शिजवलेलं अन्न खायचं ही चाल तर फारच अलीकडची.

मग पूर्वी घराबाहेर पडलेला माणूस खात काय होता? ते पाहायचं तर जत्रेला गेलं पाहिजे. चैत्री पौर्णिमेला वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जोतिबाची यात्रा भरते. सासनकाठ्या नाचतात, गुलाल आणि खोबऱ्याची उधळण होते, चांगभल्याच्या गजरानं डोंगर दुमदुमतो. एस. टी. येण्याआधी लोक बैलगाड्यांनी नाही तर पायी येत. गाडीत बैलांची वैरण आणि माणसांची शिदोरी असायची. भाकरी, चटणी, कांदा, गुळाचा खडा. मुक्कामाला तीन दगडांची चूल मांडायची, आपलं आपण रांधायचं, आपल्या माणसांत बसून जेवायचं. लाखो माणसं एका डोंगरावर जमायची, देव एक, गुलाल एक. पण चुली मात्र ज्याच्या त्याच्या.

विकत घेतला जाई तो खाऊ. चिरमुरे (पलीकडच्या मुलखात चुरमुरे म्हणतात, आम्ही चिरमुरेच म्हणणार), फुटाणे, बत्तासे, खारका, खोबरं. आजही कोणत्याही जत्रेत पालाखालच्या दुकानांतून हेच ढीग दिसतात. हे सगळं कोरडं आहे, हे आपल्या लक्षात आलं आहे का? दूरच्या वाटेवर ते टिकतं, हे एक कारण झालं. दुसरं कारण सोवळ्याओवळ्याचं. धान्य पाण्यात शिजलं की त्याला विटाळ लागतो, कोरडं भाजलेल्याला किंवा दुधातुपात केलेल्याला तितका लागत नाही, असं त्या काळी मानत. म्हणून भट्टीवर चिरमुरे भाजणाराची जात कोणी फारशी विचारीत नसे. भाकरी करणाराची मात्र विचारली जाई.

नरसोबाच्या वाडीचे पेढे, बासुंदी आणि कवठाची बर्फी यांचंही मर्म काही अंशी इथंच आहे. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाकाठी गवत भरपूर, दुभती जनावरं भरपूर. दूध आटवल्यावर ते टिकतं आणि प्रसाद म्हणून कोणाच्याही घरी चालतं. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी देवळात शिरतं. देव पाण्यात असतो, पण पेढ्यांची दुकानं दोन पावलं मागं सरून चालूच असतात, हे पाहून मला नेहमी गंमत वाटते.

पण हा मोकळेपणा एकतर्फीच होता. ज्यांना अस्पृश्य म्हणत, त्यांनी चिरमुरे मागितले तर दुकानदार ते लांबून, वरून पदरात टाकी. पैसेही हातात घेत नसे.

आता शहराकडे येऊ. 1891 साली मिरजेहून कोल्हापूरला आगगाडी आली. 1895 साली शाहू महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसवली आणि तिथं गुळाचा व्यापार बघता बघता वाढला. हंगामात भोगावतीच्या, पंचगंगेच्या खोऱ्यांतून गुळाच्या गाड्या रात्रभर चालत येत. अडत्याकडे माल उतरायचा, सौदा व्हायचा, हिशेब व्हायचा. गाडीवान दिवस-दिवस अडकून पडे. इतक्या माणसांनी चूल कुठं मांडायची? पुढं शिकायला मुलं आली, कोर्टकचेरीला पक्षकार आले, 1912 साली खासबागेचं कुस्तीचं मैदान झालं तेव्हा कुस्त्या बघायला चहूकडून शौकीन आले. या माणसांच्या भुकेतून खानावळी आणि हॉटेलं वाढली. (पैलवानांचं मात्र वेगळं. त्यांना म्हशीच्या धारेचं दूध लागे, आणि गंगावेशीतल्या कट्ट्यावर समोर धार काढून ते देण्याची चाल पडली.)

हॉटेल हा शब्द आपण इंग्रजांकडून घेतला खरा, पण अर्थ आपला घातला. तिकडे हॉटेल म्हणजे उतरायचं ठिकाण. आपल्याकडे पत्र्याचं छप्पर, दोन बाकडी आणि चुलीवर उकळतं आधण, एवढ्यावर हॉटेल होतं. चहा तरी कुठं आपला होता? आसामात चहाचे मळे झाले ते एकोणिसाव्या शतकात, आणि बराच काळ तो सगळा परदेशी जाई. 1903 साली सरकारनं चहाच्या निर्यातीवर पट्टी बसवली आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू केला. पुढं याच देशात गिऱ्हाईक करावं म्हणून चहा फुकट पाजण्यापर्यंत मजल गेली. आमच्या भागातल्या गुळाची त्याच्याशी लवकरच गट्टी जमली.

पण चहा म्हणजे पाणी. उकळलेलं असलं तरी पाणीच. शिवाय तो कपात मिळतो, आणि त्याच कपाला मघाशी दुसऱ्या कोणाचे ओठ लागलेले असतात. चिरमुऱ्यांनी जो प्रश्न इतकी शतकं झाकून ठेवला होता, तो कपबशीनं उघडा पाडला. हॉटेलवाल्यांनी आपल्यापुरती सोय काढली. कोणी जातीची पाटी लावली, कोणी दलितांसाठी वेगळी कपबशी बाहेर वळचणीला ठेवली. पिणाऱ्यानं ती आपली आपण घ्यायची, वरून ओतलेला चहा उभ्यानं प्यायचा, कप धुऊन पुन्हा तिथंच ठेवायचा.

याच कोल्हापुरात गंगाराम कांबळे नावाचे गृहस्थ संस्थानच्या पागेत चाकरीस होते. मराठा नोकरांसाठी राखलेल्या हौदाला ते शिवले, म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. गाऱ्हाणं शाहू महाराजांपर्यंत गेलं. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केलंच, पण गंगारामांना नोकरीतून मोकळं करून स्वतःचा धंदा काढायला सांगितलं. धंदा कोणता, तर हॉटेलचा. ज्यांच्या हातचं पाणी कोणी घेत नव्हतं, त्यांनी भर शहरात भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचं दुकान मांडलं. नाव ठेवलं 'सत्यसुधारक'.

दुकान नीटनेटकं होतं, चहा चांगला होता, पण वरच्या जातींची माणसं पुढून निघून जात. हे कळल्यावर महाराजांनी काय केलं, तर आपली गाडी त्या दुकानासमोर उभी करून चहा मागवू लागले. स्वतः प्यायचे आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजायचे. छत्रपतींनी पुढं केलेला कप नको कोण म्हणणार? दरबारात कामं घेऊन येणाऱ्यांनाही ते आधी गंगारामांचा चहा घेऊन यायला लावीत, अशी आठवण सांगतात. 1919 साली त्यांनी सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळू नये असे हुकूम काढले आणि 1920 च्या मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत तरुण डॉ. आंबेडकरांना आपल्या प्रजेपुढं उभं केलं. या मोठ्या गोष्टी शाळेच्या पुस्तकांत आहेत. मला स्वतःला मात्र रस्त्यात थांबलेली ती गाडी जास्त महत्त्वाची वाटते. हुकूम कागदावर राहू शकतो. कप हातात आला की प्यावा लागतो.

1922 साली महाराज गेले. एका दुकानानं सगळी हॉटेलं बदलली असं मी म्हणणार नाही, कारण तसं झालं नाही. दुकानं, उपाहारगृहं आणि हॉटेलं सर्वांना खुली आहेत, हे राज्यघटनेनुसार 1950 साली लागू झालं. अस्पृश्यता पाळणं हा गुन्हा ठरवणारा कायदा 1955 साली झाला. तरी बाबा आढावांना 1972 साली 'एक गाव एक पाणवठा' म्हणत गावोगाव फिरावंच लागलं. खेड्यांतल्या हॉटेलांतली वळचणीची कपबशी कायद्यानंतरही बरीच वर्षं तिथंच होती. पुढं काचेचे पेले आले, मग कागदी कप आले. तेव्हा कुठं काही गावांतून ती नाहीशी झाली, आणि ती कोणी, कधी काढली याची नोंद कुठंच झाली नाही.

शिक्षक बंधुभगिनींना म्हणून एक सुचवावंसं वाटतं. मुलांना आपल्या गावच्या इतिहासावर लिहायला सांगाल, तेव्हा देवळाचा शिलालेख आणि वेशीचा बुरूज यांच्याबरोबर एसटी थांब्यावरच्या हॉटेलाचाही विषय द्या. गावातलं पहिलं हॉटेल कोणी काढलं, तिथं काय मिळे, चहा केवढ्याला होता, आत कोण बसे, बाहेर कोण उभं राही आणि ती दुसरी कपबशी कुठल्या कोपऱ्यात असे, एवढं मुलांनी घरच्या आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारावं. एकाच आळीत नव्हे, सगळ्या आळ्यांत विचारावं. उत्तरं वेगवेगळी येतील. मात्र हे लवकर करायला हवं. ज्यांनी तो चहा बाहेर उभं राहून प्याला आहे, ती माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत.