खानदेशातील तेलाची विद्या

तापी, गिरणा व पांझरा यांच्या काठच्या काळ्या जमिनीने खानदेशास कापूस, भुईमूग आणि तीळ दिले, आणि त्यांच्याबरोबर तेल काढण्याचा हुन्नरही दिला. परंतु बैलाच्या घाण्यावर बसणाऱ्या तेल्याचे कसब आणि रसायनविद्या यांच्यामधले अंतर किती मोठे, हे या मुलखास उमगले ते डिसेंबर १९४५ मध्ये मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजी यांनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापून अंमळनेरास वनस्पती तुपाचा कारखाना काढला तेव्हा.

घाण्याचे तेल गाळले की घरात येई. येथे मात्र कच्च्या तेलातील आम्ल कॉस्टिक सोड्याने मारावयाचे, विरंजक मातीने रंग उतरवावयाचा, मग निकेलच्या सान्निध्यात, उष्णता व दाब काटेकोर राखून, त्यातून हायड्रोजन वायू सोडावयाचा, तेव्हा कोठे द्रवाचे घट्ट तूप होई. आणि अखेरीस निर्वात पात्रात वाफ सोडून त्याचा वास काढावयाचा. निकेल यात खर्ची पडत नाही, ते तेलाची व वायूची केवळ गाठ घालून देते. मला या साऱ्या व्यवहारातले हेच सर्वांत सुंदर वाटत आले आहे. आम्ल मारताना उरणारा मळही वाया जात नाही, त्याचा धुण्याचा साबण होतो.

पुढे १९६६ साली अझीम प्रेमजींनी सूत्रे हाती घेतली, कंपनीची विप्रो झाली, आणि तिचे समभाग जपून ठेवणारी अंमळनेरची घरे श्रीमंत झाली, हे सर्वश्रुतच आहे. मला सल आहे तो निराळा. तेल आमचे, कारखाना आमच्या तालुक्यातला, पण त्याची शास्त्रोक्त विद्या घ्यावयाची तर मुलाने मुंबई विद्यापीठाच्या १९३३ सालच्या रासायनिक तंत्रशास्त्र विभागाची वाट धरावी! जळगावास भवरलाल जैन यांनी १९७८ च्या सुमारास केळीच्या भुकटीच्या बंद कारखान्यात पपईच्या चिकापासून पपेन काढले; तेव्हाही विद्यापीठ येथे नव्हतेच. ते १९९० साली आले, आणि १९९४ साली त्याचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग.

आता साक्रीच्या किंवा यावलच्या शेतकऱ्याची मुलगी जळगावातच तेल, रंग अथवा प्लास्टिक यांचे तंत्रज्ञान शिकते. तिची पहिली नेमणूक बहुधा पाळीवर असते. रात्री दोन वाजता दाबमापकाचा काटा सरकला तर झडप किती फिरवावी, याचा निर्णय तिने घ्यावयाचा असतो. तेथून कोणी प्रयोगशाळेत जाते, कोणी संयंत्राच्या आराखड्याकडे वळते, कोणी गावाजवळ स्वतःची तेलगिरणी घालते.