कुरकुंभ येथील एक रोमन कांस्यनाणें

कुरकुंभ (ता. दौंड) हें गांव पुणें-सोलापूर रस्त्यावर असून फिरंगाई देवीमुळें सर्वपरिचित आहे. तेथील एका गृहस्थांनीं वडिलोपार्जित पेटींतील एक कांस्यनाणें मजकडे तपासण्यास आणलें. तें शेतांत सांपडलें, अशी घरची समजूत. ती खरी ठरल्यास भीमेच्या खोऱ्यांतील प्राचीन व्यापाराचा नवा पुरावा हातीं येईल. म्हणून त्याची छाननी येथें देतों.

व्यास १७ मिलिमीटर, वजन २·३ ग्रॅम. चिंचेनें घासल्यामुळें दर्शनी बाजूचा लेख नष्ट झाला आहे. हा प्रयोग संग्राहकांनीं कटाक्षानें टाळावा. तथापि लेख गेला म्हणजे सर्वच गेलें असें नाहीं. दर्शनी बाजूस उजवीकडे पाहणारें मस्तक असून त्यावर रत्नपट्ट आहे. पहिल्या तीन शतकांतील रोमन नाण्यांवर बादशहाच्या मस्तकीं बहुधा पर्णमाला किंवा किरणमुकुट असतो. रत्नपट्ट कॉन्स्टंटाईनच्या उत्तरकाळीं रूढ झाला. मागील बाजूस दोन सैनिक व त्यांमध्यें दोन ध्वज आहेत. ‘सैन्याची कीर्ति’ या अर्थाच्या लॅटिन लेखाचा हा प्रकार इ. स. ३३० मध्यें सुरू झाला. सुमारें ३३५ पासून दोहोंऐवजीं एकच ध्वज येतो व वजनहि घटतें. सबब आपलें नाणें या पांच वर्षांतलें. या काळीं युवराजांच्या मस्तकीं बहुधा पर्णमालाच असल्यामुळें हें मस्तक खुद्द कॉन्स्टंटाईनचें मानणें युक्त होय.

पोथींत जें काम पुष्पिका करते, तें येथें तळपट्टीवरील अक्षरें करितात. ‘एस् एम् ए एल्’ हीं अक्षरें अलेक्झांड्रियाच्या टांकसाळीचीं होत. कडेस ओतकामाची शिवण नाहीं, पृष्ठभागीं बुडबुड्यांचे खळगे नाहींत. तेव्हां नाणें ठशानें पाडलेलें व अस्सल दिसतें.

आतां प्राप्तिस्थानाचा प्रश्न. पैठण व तेर येथील माल भडोचेस जाई व तेथें सोन्यारुप्याचीं रोमन नाणीं येत, असें पेरिप्लसांत आहे. पण तो वृत्तांत पहिल्या शतकांतला. चवथ्या-पांचव्या शतकांतील कांस्यनाणीं मुख्यतः करूर, मदुरा व सिंहलद्वीप या बाजूस विपुल मिळालीं आहेत. कोणत्या शेतांत, किती खोल, कोणत्या सालीं, असें विचारतां त्या गृहस्थांस कांहींच सांगतां आलें नाहीं. उलट, त्याच पेटींत मिसर देशाचीं १९१७ सालचीं नाणीं निघालीं. त्यांचे पणजोबा पहिल्या महायुद्धांत पलटणीबरोबर तिकडे गेले होते. अलेक्झांड्रियाचें नाणें त्यांच्याच पडशींतून आलें असावें, हा तर्क शेताच्या कथेपेक्षां बलवत्तर आहे.

हें ऐकून ते गृहस्थ खट्टू झाले; खोटें कशास सांगूं, मीहि झालों. परंतु ज्याच्या जवळ पोथी, तोच तिचा लेखक असें आपण मानीत नाहीं. तोच न्याय नाण्यांस लावला पाहिजे. म्हणून पाकिटावर ‘कुरकुंभ येथें सांपडलेलें’ असें न लिहितां ‘कुरकुंभ येथील खासगी संग्रहांतील’ एवढेंच लिहिलें आहे.